मोबाईलवरचं चित्र पुस्तकात छापायचंय? आधी माप बघा

मेढा : जावळी तालुक्यातली पोरं शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट देतात. दहावीला वाढीव गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. आता मोबाईलवर बोटानं चित्र काढता येतं आणि गोष्टींच्या पुस्तकांना चित्रं लागतातच. पण फोनवर झकास दिसणारं चित्र छापल्यावर धुरकट येतं आणि केलेली मेहनत वाया जाते. बहुतेक वेळा घोळ मापाचा असतो.

चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. फोनच्या स्क्रीनएवढं, म्हणजे १०८० ठिपके रुंद चित्र काढलं तर ते कागदावर जेमतेम ३.६ इंच नीट उमटतं. ए-५ आकाराच्या पुस्तकाचं पान मात्र १४८ बाय २१० मिलिमीटर, म्हणजे पावणेसहा इंचांहून जास्त रुंद. नंतर ताणून मोठं केलं की ठिपकेच मोठे होतात, चित्र सुधारत नाही. शिवाय कटिंगसाठी चारी बाजूंना ३ मिलिमीटर जास्त लागतं. म्हणून पहिली रेघ मारायच्या आधीच कॅनव्हास १८२० बाय २५५२ ठिपक्यांचा घ्यावा. साध्या फोनवर एवढ्या मापाला लेअर कमी मिळतात, पण चार-पाच पुरतात.

लेअर म्हणजे एकावर एक ठेवलेले ट्रेसिंग पेपर. खाली कच्चं रेखाटन, त्यावर पक्की रेघ आणि दोन्हींच्या मध्ये रंग. शेळीचा रंग चुकला तर तेवढाच लेअर पुसायचा, मागचा डोंगर शाबूत राहतो. दीनानाथ दलालांच्या पिढीला कागदावर ही सोय नव्हती. आयबिस पेंट हे ॲप फोनवर फुकट मिळतं, जाहिराती तेवढ्या सोसाव्या लागतात. घरी संगणक असेल तर क्रिता पूर्ण मोफत आहे.

दुसरी गोष्ट रंगाची. स्क्रीन उजेडानं रंग दाखवते, छापखाना चार शायांनी. आवणातल्या भाताचा तो चमकता पोपटी कागदावर फिका पडतो. सगळी चित्रं रंगवून बसण्याआधी एकाची प्रिंट काढून बघावी.

चित्र पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून टाकू नये, ते दाबून लहान होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवावं आणि लेअरची मूळ फाईल स्वतःकडे ठेवावी.

हात बसायला बघणंही लागतं. पाचगणीजवळचं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. तिथं जाऊन मुलांची पुस्तकं चाळावीत, मजकुराला किती जागा सोडलीय ते पट्टी लावून मोजावं. माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' मिळालं तर जरूर बघावं, साधं घर आणि साधी माणसं चित्रात कशी येतात ते कळतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवर मराठी सचित्र गोष्टी फुकट वाचता येतात.

काम मिळालं तर एक जपावं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःहून काढलेल्या चित्राचा पहिला मालक चित्रकार असतो. पण कुणी पैसे देऊन काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर हक्क काढून घेणाऱ्याकडे जातो. किती चित्रं, किती पैसे, नाव कुठं छापणार, हक्क कुणाचा, हे कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात, मग रंगाला हात घालावा.