डासांच्या अळ्या खाणारा देशी मासा

जुने पळसदेव उजनीच्या जलाशयाखाली गेले. धरण १९८० साली पुरे झाले, आणि पूर्वी पाण्यासाठी आभाळाकडे पाहणाऱ्या या मुलखात साचलेले पाणी व त्याबरोबर डास हा नित्याचा विषय झाला. शेततळी व पडीक विहिरी यांची त्यांत भर आहेच.

महाराष्ट्रातील संथ ओढ्यांत व तळ्यांत आढळणारा एक लहान पट्टेरी मासा या कामी उपयोगी आहे. शास्त्रज्ञ त्यास ॲप्लोकायलस लिनिएटस म्हणतात. लांबी फार तर चार इंच, डोके चपटे, माथ्यावर चांदीसारखा ठिपका. तोंड वर वळलेले असते, ते उगाच नव्हे. डासाच्या अळ्या श्वासासाठी पृष्ठभागी येतात आणि हा तेथेच टपून असतो.

मादी रोज थोडी थोडी अंडी पाणवनस्पतींस चिकटविते. सुमारे दोन आठवड्यांनी पिले निघतात. आफ्रिकेतील याच्या काही भाऊबंदांची अंडी सुकल्या चिखलातही जगतात, याची जगत नाहीत. म्हणून बारमाही पाणी हवे, व काठची वनस्पती समूळ उपटू नये.

१९२८ साली इटलीहून आणलेला गॅम्बुशियाही अळ्या खातो. परंतु तो देशी माशांची अंडी व पिलेही फस्त करितो. जलाशयास मिळणाऱ्या ओढ्यात तो सोडणे आम्हांस मुळीच मान्य नाही, कारण एकदा पसरल्यावर त्यास परत काढणे अशक्यप्राय होय. देशी मासा जवळच्याच ओढ्यातून फडक्याने धरून विहिरीत सोडावा. मात्र रोहू-कटल्याचे बारीक बीज असलेल्या तळ्यात त्यास घालू नये. तेही तो गिळतो.