धर्मसेवकाचे गुण

देवळाली कॅम्प म्हटले की लष्कराची छावणी, कोरडी मोकळी हवा आणि हवापालटासाठी बांधलेले जुने बंगले डोळ्यांपुढे येतात. येथे निरनिराळ्या धर्मांची माणसे वर्षानुवर्षे शेजारी राहात आली आहेत. या कॅम्पातून नाशिक शहरात गेले की शरणपूर रस्ता लागतो. रोज हजारो माणसे त्या रस्त्याने जातात. पण हे नाव कोठून आले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आजचा आपला विषय त्या नावाशीच येऊन मिळतो. ख्रिस्ती माणसाची धर्मसेवा कोणत्या गुणांनी फळास येते, असा हा विषय आहे. गुणांची नुसती यादी सांगण्यापेक्षा, आपल्याच मुलखात ते गुण कसे कसाला लागले, हे पाहू.

१८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकच्या जवळ शरणपूरची वस्ती वसविली. त्या काळी जो ख्रिस्ती होई, त्याला घर, पंगत, पाणवठा अशा सगळ्यालाच मुकावे लागे. अशांना आसरा मिळावा म्हणून ही वस्ती. पुढे तेथे आणखी एक निराधार वर्ग आला. आफ्रिकेतून माणसे पळवून गुलाम म्हणून विकण्याचा धंदा तेव्हा समुद्रावर चालत असे. इंग्रजी आरमार अशी गलबते पकडी आणि सोडविलेल्या मुलांना मुंबईस उतरवी. त्यांतली कित्येक मुले शरणपूरला आली. तेथे त्यांना लिहिणेवाचणे, धर्मशिक्षण आणि त्याबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे हातचे हुन्नर शिकवीत.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रवासी धर्मोपदेशक १८६६ साली आफ्रिकेच्या आपल्या शेवटच्या सफरीस निघाला, तेव्हा शरणपूरचे नऊ तरुण त्याच्याबरोबर होते. सगळेच टिकले असे नाही. काही आजाराने गेले, काहींनी साथ सोडली. शाळा तीच, गुरुजी तेच, प्रार्थनाही तीच. तरी एक टिकला आणि एक गळाला. धडा शाळेत मिळतो, पण तो अंगी मुरवायचा ज्याचा त्यानेच, एवढे यावरून दिसते. गार्डनर आणि मब्रुकी हे दोघे मात्र अखेरपर्यंत राहिले. १८७२ साली त्यांना शरणपूरचीच आणखी काही मुले जाऊन मिळाली. जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे त्यांतलेच.

१८७३ च्या मे महिन्यात, आज जो देश झांबिया म्हणून ओळखला जातो तेथील चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला. आता या मंडळींवर हुकूम चालविणारा कोणी उरला नव्हता. सामान वाटून घेऊन आपापल्या वाटेने जाता आले असते. जाब विचारणाराही कोणी नव्हता. त्यांनी काय केले? सुसी आणि चुमा या जुन्या सोबत्यांनी सर्वांना गोळा करून, सगळ्यांसमक्ष पेट्या उघडल्या आणि वेनराइटने एकेका वस्तूची यादी लिहून काढली. हृदय तेथेच एका झाडाखाली पुरले. वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरले. नंतर देह उन्हात वाळवून, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळून त्यांनी खांद्यावर घेतला. हजार मैलांहून जास्त वाट, आजार, उपासमार, वाटेतल्या गावांचा विरोध. काहीजण तर वाटेतच मेले. मध्ये भेटलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याने, देह येथेच पुरा, असा सल्ला दिला. त्यांनी तो नम्रपणे पण ठामपणे नाकारला. १८७४ च्या फेब्रुवारीत ते समुद्रकाठी बागामोयोला पोचले. त्याच वर्षी १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये लिव्हिंग्स्टनला मूठमाती दिली गेली, तेव्हा शरणपूरच्या शाळेत शिकलेला वेनराइट शवपेटीबरोबर चालत होता.

श्रोतेहो, या गोष्टीत उपदेशाचे एकही भाषण नाही. आहे ती एक यादी, एक ओझे आणि एक लांब वाट. यादी म्हणजे हिशेबाचा चोखपणा. ओझे म्हणजे अंगावर घेतलेली जबाबदारी. वाट म्हणजे चिकाटी. धर्मसेवकाचे पहिले तीन गुण हेच. ज्याच्या हाती मंडळीच्या वर्गणीची पेटी आहे, त्याने पै-पैची नोंद ठेवली नाही, तर व्यासपीठावरून तो कितीही गोड बोलला तरी ऐकणाराच्या मनात पेटीच खुळखुळत राहते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. येथे ख्रिस्ती सेवकापुढे एक निराळीच अडचण होती. दुष्काळात कोणी ख्रिस्ती झाला की गाव म्हणे, ‘भाकरीसाठी बाटला.’ शिकलेला झाला तर म्हणत, ‘नोकरीसाठी गेला.’ हा संशय वाद घालून जाणारा नव्हता. तो गेला तर माणसाच्या वागण्यानेच जाणार होता.

नारायण वामन टिळकांचे उदाहरण घ्या. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर फुटले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, कर्मठ वळणात वाढलेल्या. पुढे त्या पतीकडे परत आल्या, तरी आपले सोवळे पाळीत राहिल्या. आणि टिळकांनी त्यांना ते पाळू दिले. जबरदस्ती केली नाही, घाईही केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या मनाने विचार करून. जो आपल्या घरच्या माणसावर श्रद्धा लादीत नाही, त्याच्या शब्दावर बाहेरचा माणूस विश्वास ठेवतो. धीर आणि दुसऱ्याच्या मनाचा मान, हा चौथा गुण.

पाचवा गुण भाषेचा. साहेबी वळणाच्या मराठीत सांगितलेली गोष्ट खेड्यातल्या माणसाला परकी वाटे. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन ही आपल्या मातीतली साधने हाती घेतली. भक्तीला पोशाख बदलावा लागत नाही, हे त्यांनी दाखविले. ही नुसती युक्ती नव्हती. ज्याला लोकांबद्दल आदर असतो, तोच त्यांची बोली आदराने बोलतो. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतनही सोडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. पगारासाठी बोलतो, असे म्हणायला मग जागा राहिली नाही. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९१९ साली ते वारले.

लक्ष्मीबाईंचे शिक्षण बेताचे. पण प्लेगच्या दिवसांत आजाऱ्यांची शुश्रूषा करायला त्या पुढे झाल्या. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून प्रसिद्ध झाली. त्यांत त्यांनी आपली सोवळ्याची खोड, आपला राग, आपली फजिती हसत हसत सांगितली आहे. म्हणूनच ते पुस्तक सर्व धर्मांच्या घरांत आवडीने वाचले जाते. स्वतःला मोठे न समजणे, हा सहावा गुण.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचे नावही येथे घेतलेच पाहिजे. १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात हिंडून त्यांनी निराधार बायामुलींना आणले, त्यांना हुन्नर शिकविले, अन्न दिले आणि नुसते अन्नच न देता काम व अक्षरही दिले. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर वर्षानुवर्षे करीत होत्या. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. भाषांतर पुरे करून १९२२ साली त्यांनी डोळे मिटले.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दवाखाना, शाळा, अन्नछत्र यांना ‘आधी आमच्यात या’ अशी अट लागली की सेवेचा व्यापार होतो. येशूच्या दृष्टांतातला शोमरोनी वाटेवर घायाळ पडलेल्या माणसाची जखम बांधतो, धर्मशाळेचा खर्च देतो आणि पुढे जातो; तुझा धर्म कोणता, हे तो विचारीत नाही. ज्या सेवकाने ही गोष्ट खरी मानली, त्याच्या सेवेला गावाने दार उघडले. ज्याने ती केवळ सांगितली, त्याच्यामागे दार लागले.

गुरुजनहो, हे गुण एका धर्मापुरते आहेत असे कोणी समजू नये. वारकऱ्याला, मौलवीला, ग्रामसेवकाला आणि शाळेतल्या मास्तरालाही तेच लागतात. वर्गात ही गोष्ट सांगताना जेकब वेनराइटच्या यादीवर थोडे थांबा. मुलांना विचारा: जाब विचारणारा कोणी नसता ती यादी त्याने का लिहिली असेल? उत्तर लगेच देऊ नका, त्यांना विचार करू द्या. लोक आधी माणूस पाहतात आणि मग त्याचा धर्म ऐकतात, हे त्या उत्तरातून त्यांचे त्यांनाच सापडेल.