शाळा सांभाळून कथा लिहिताना

रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षकी पेशाने आपल्या समाजातील कितीतरी घरांना आधार दिला आहे. घरातील एखादा पुरुष आखातात किंवा मुंबईत आणि लेक किंवा सून गावच्या उर्दू नाहीतर मराठी शाळेत, असे चित्र राजापूरपासून दापोलीपर्यंत पाहायला मिळते. या शिक्षक-शिक्षिकांपैकी अनेकांना लिहिण्याची आवड असते. एक-दोन कथा छापून येतात, नातेवाईक कौतुक करतात आणि मग दोन-तीन वर्षांत वही कपाटात जाते. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "शाळेतून वेळच मिळत नाही."

हे उत्तर खोटे नाही. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे सांगितले, पण जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण ही कामे त्यातून वगळली. शिवाय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे, सराव परीक्षांचे पेपर तपासणे हे चालूच असते. दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पहिले येते. त्याचा आपल्याला अभिमान आहे, पण तो निकाल टिकवण्याचा ताणही शिक्षकांच्याच डोक्यावर असतो. सुट्टीत लिहीन म्हणावे, तर मे महिना म्हणजे आंबा, लग्नसराई आणि मुंबईचे पाहुणे.

तरीही नोकरी सांभाळून कथा लिहिता येते का? याचे उत्तर शोधायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले. आज सिंधुदुर्गात असलेले शिरोडे तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. मिठागरांचे ते लहानसे गाव. तिथे त्यांनी १९३८ पर्यंत अठरा वर्षे काढली, पुढे मुख्याध्यापकपदही सांभाळले. आपण पाहावे ते असे की, त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' १९३० साली आली, म्हणजे नोकरी लागल्यानंतर तब्बल दहा वर्षांनी. मधल्या काळात कथा, टीका, विनोदी लेख असे आटोपशीर लेखन चालू होते. त्यानंतर मात्र 'कांचनमृग', 'दोन ध्रुव', 'उल्का' अशा कादंबऱ्या १९३४ पर्यंत पाठोपाठ आल्या. शिक्षक असतानाच 'छाया' या चित्रपटाची कथाही त्यांनी लिहिली. चित्रपटाच्या कामासाठी ते कोल्हापूरला गेले आणि तेव्हा शाळा सुटली. ज्या 'ययाति'साठी त्यांना १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, ती कादंबरी १९५९ ची. पण हात तयार झाला तो शिरोड्यात.

साने गुरुजींची गोष्ट वेगळी. दापोली तालुक्यातील पालगड हे त्यांचे गाव. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. तिथल्या वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. दिवसभर शिकवायचे आणि मुलांना वाचायला रोज काहीतरी लिहून ठेवायचे, असा तो क्रम. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली. ते पुस्तक नोकरी सोडल्यानंतरचे, हे खरे. परंतु मुलांसमोर बसून गोष्ट सांगण्याची सवय वर्गातली आणि वसतिगृहातली होती, म्हणूनच ते इतक्या लवकर कागदावर उतरले असावे असे आम्हाला वाटते. याच गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवरही पुस्तक लिहिले आहे. आपल्या घरात ते जरूर असावे.

तिसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. उर्दूतील मोठे कथाकार सलाम बिन रझ्झाक यांचा जन्म १९४१ साली पनवेलचा, म्हणजे कोकणातलाच. नोकरी मुंबई महापालिकेच्या शाळेत शिक्षकाची. त्यांचा पहिला कथासंग्रह 'नंगी दोपहर का सिपाही' १९७७ साली आला, दुसरा 'मुअब्बिर' १९८७ साली आणि तिसरा 'शिकस्ता बुतों के दरमियान' २००१ साली. दोन पुस्तकांमध्ये दहा-दहा, चौदा-चौदा वर्षे. तिसऱ्या संग्रहाला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिवाय जी. ए. कुलकर्णींच्या मराठी कथा त्यांनी उर्दूत नेल्या. २०२४ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले. पुस्तके मोजकी, पण उर्दू कथेचा इतिहास त्यांचे नाव घेतल्याशिवाय लिहिता येणार नाही.

या तिघांकडे पाहिले की काही गोष्टी ध्यानात येतात.

पहिली म्हणजे नोकरीला पेलेल असा प्रकार निवडावा. शाळा चालू असताना कथा हाताळता येते, कारण ती चार-सहा बैठकांत एका मुक्कामाला पोहोचते. कादंबरीला सलग मन लागते, ती थोडी थांबू शकते. दुसरी गोष्ट, उशिराची लाज वाटू देऊ नये. दहा वर्षांनी एक पुस्तक येणे हे आळसाचे लक्षण नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. कोकणातल्या शिक्षकाला रात्री वही उघडणे जमत नाही. पेपर तपासून डोळे मिटायला लागलेले असतात. आमच्या ओळखीच्या ज्या दोन-तीन शिक्षिका नियमाने लिहितात, त्या फजरनंतरचा तास वापरतात. घर जागे होण्याआधी अर्धे पान. रोज अर्धे पान झाले तर पावसाळा संपेपर्यंत दोन कथांचा कच्चा खर्डा तयार होतो.

चौथी गोष्ट जबाबदारीची. शिक्षकाला गावातल्या शंभर घरांची आतली बाजू माहीत असते. कोणाच्या घरी फी अडली, कोणत्या मुलीचे शिक्षण निकाहासाठी थांबले, कोणाचा बाप आखातातून परतलाच नाही, हे सगळे हजेरीपटामागे दिसत असते. कथेचे खरे धन हेच. पण लहान गावात नाव बदलले तरी माणूस ओळखू येतो. ज्या मुलीने विश्वासाने सांगितले, तिला आपली कथा वाचून मान खाली घालावी लागू नये. दोन-चार घरांचे अनुभव एकत्र करावेत, काळ आणि गाव बदलावे आणि वर्षभर थांबूनच लिहावे. शासकीय नोकरांच्या वर्तणूक नियमांत निव्वळ साहित्यिक लेखनाला मोकळीक आहे, फक्त मूळ कामात कसूर होता कामा नये. खासगी संस्थेत असाल तर तिथले नियम आधी पाहून घ्यावेत.

शेवटचे बोलणे लिहिणाऱ्यांशी नाही, त्यांच्या घरच्यांशी आहे. पुरुष शिक्षक लिहायला बसला की घरात आवाज कमी होतो. शिक्षिका लिहायला बसली की तिला भाकरी, मुलांचा डबा आणि सासूबाईंची औषधे आठवून दिली जातात. शाळेची एक पाळी आणि घराची दुसरी पाळी संपल्यावर तिच्याकडे उरते काय? १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण म्हणत आलो आहोत की आमचे जगणे आमच्याच लेखणीतून मराठीत यायला हवे. त्यातले बायकांचे जगणे लिहायचे कोणी? ज्या बाईला ते ठाऊक आहे, ती बहुतेक गावात शाळेवर शिकवते आहे.

म्हणून घरातल्या मंडळींना आमची विनंती आहे, आठवड्यातून चार दिवस तिला सकाळचा एक तास द्या. त्या तासात चहा दुसऱ्या कोणीतरी करावा, मुलांचे दप्तर दुसऱ्या कोणीतरी भरावे. आणि भगिनींनो, कपाटातली वही काढा. अर्धवट राहिलेली एक कथा या सहामाहीत पूर्ण करा. ती छापून येईल की नाही, हे नंतर पाहू.