पायाखालील भूमीची परीक्षा

१९८५ सालच्या सप्टेंबर महिन्याच्या १९ तारखेस सकाळीं मेक्सिको शहर भूकंपानें हादरलें. भूकंपाचें केंद्र शहरापासून सुमारें साडेतीनशें किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यापाशीं होतें. तरीहि शहरांतील शेंकडों इमारती कोसळल्या आणि हजारों माणसें प्राणांस मुकलीं. विशेष हें कीं, त्याच शहरांतील कठीण भूमीवरील वस्तीस त्या मानानें फारच थोडा उपसर्ग पोंचला. संहार झाला तो मुख्यतः एका जुन्या सरोवराच्या तळावरील मऊ चिकणमातीवर. घर किती मजबूत आहे याइतकाच तें कशावर उभें आहे हाहि प्रश्न महत्त्वाचा, हा धडा त्या दिवशीं जगास पुन्हां एकवार मिळाला.

मग भूमीची दृढता मोजावी कशी? खोल छिद्र पाडून खालची माती वर काढणें हा सरळ मार्ग; परंतु तो खर्चाचा, आणि छिद्र जेथें पाडलें तेवढ्याच जागेचें ज्ञान त्यानें होतें. दुसरा मार्ग गृहिणींच्या परिचयाचा आहे. मडकें पक्कें कीं कच्चें, हें त्या फोडून पाहत नाहींत. बोटानें वाजवून पाहतात. भूमीहि अशीच वाजवून पाहतां येते.

घणाचा घाव जमिनीवर बसला म्हणजे अनेक प्रकारचे तरंग निघतात. कांहीं खोल आंत जातात; पण शक्तीचा मोठा वाटा, सुमारें दोनतृतीयांश, पृष्ठभागालगत पसरणाऱ्या तरंगांस मिळतो. असे तरंग संभवतात हें इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनीं १८८५ सालीं गणितानें दाखविलें. तरंग जितका लांब, तितकी त्याची हालचाल खोलवर पोंचते. आंखूड तरंगास केवळ वरचा थर ठाऊक. लांब तरंगास खालचे थरहि ठाऊक. भूमि एकजिनसी असती तर सगळे तरंग एकाच वेगानें धांवले असते. परंतु खालचा थर बहुधा वरच्यापेक्षां कठीण असतो, म्हणून लांब तरंग पुढें जातात व आंखूड मागें रेंगाळतात. समजा, सेकंदास २० कंपनांचा तरंग सेकंदास १५० मीटर वेगानें जात आहे. त्याची लांबी साडेसात मीटर. ५ कंपनांचा तरंग ३०० मीटर वेगानें जात असेल, तर त्याची लांबी ६० मीटर. पहिला उथळ मातीची वार्ता सांगतो, दुसरा खोल थरांची.

प्रत्यक्ष प्रयोग साधा असतो. एका सरळ रेषेंत, ठराविक अंतरावर, जिओफोन नांवाचीं कंपनग्राहक यंत्रें जमिनींत रोवतात. बहुधा तीं २४ असतात. रेषेच्या टोकापाशीं पोलादी तबकडीवर घण मारतात. कंपनें प्रत्येक यंत्रापाशीं केव्हां पोंचलीं याची नोंद होते, आणि संगणक प्रत्येक लांबीच्या तरंगाचा वेग निरनिराळा काढतो. दोन यंत्रांची पद्धति १९८० नंतरच्या दशकांत टेक्सास विद्यापीठांत विकसित झाली. अनेक यंत्रांची पद्धति कॅन्सस येथील भूशास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं प्रसिद्ध केली.

मातीस आडवें सरकवूं पाहिलें असतां ती जो विरोध करते, तीच येथें अभिप्रेत असलेली दृढता. या सरकण्याचे आडवे तरंग पृष्ठतरंगांहून किंचित् वेगवान् असतात; म्हणून एकाच्या वेगावरून दुसऱ्याचा काढतां येतो. हा वेग दुप्पट झाला तर दृढता चौपट समजावी. पाणी अशा सरकण्यास विरोध करीत नाहीं. त्यामुळें भिजलेल्या मातींतहि हा वेग मातीच्या सांगाड्याचीच साक्ष देतो. दाबाचे तरंग मात्र तेथें पाण्याच्या वेगानें धांवून फसवितात. अर्थात् एकाच नोंदीशीं जुळणाऱ्या थरांच्या रचना अनेक असूं शकतात. म्हणून जाणते अभियंते एखादें छिद्र पाडून ताळा पाहतात.

मेक्सिको शहराच्या त्या चिकणमातीची जाडी ४० मीटर आणि तींतील आडव्या तरंगाचा वेग सेकंदास ८० मीटर धरला, तर जाडीच्या चौपटीस वेगानें भागून २ सेकंद येतात. हा त्या थराचा स्वाभाविक झोका. १९८५ सालीं तो तळ जवळजवळ याच झोक्यानें डोलला, आणि सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारती त्याला विशेष बळी पडल्या. कारण हादऱ्यांनीं खिळखिळ्या होतांना त्यांचा झोका जमिनीच्या झोक्याशीं जुळत गेला. भूकंप केव्हां येईल हें शास्त्र सांगूं शकत नाहीं. परंतु तो आल्यावर पायाखालील भूमि कशी वागेल, हें घणाच्या चार घावांनीं तिला आधींच विचारतां येतें.