स्वतःवर दया करायला शिकताना



भोकरदन तालुक्यातील एका भिल्ल वस्तीवर दर पंधरा दिवसांनी माझे जाणे असते. दिवाळीनंतर निम्मी वस्ती रिकामी होते. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता आणि लेकरे घेऊन ऊसतोडीला जातात. दोन हंगामांपूर्वी तिथल्या एका बाईचे तान्हे मूल फडावरच तापाने गेले. भेटले की ती एकच वाक्य बोलते : “ताई, त्या दिशी मी खाडा केला असता तर लेकरू वाचलं असतं.”

एक खाडा म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार, वर दंडही कापला जाणार. हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तरी दोष ती स्वतःलाच देते. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी घाईने म्हणाले, “देव क्षमा करतो, बाई.” ती गप्प झाली. माझे बोलणे खोटे नव्हते, पण ते तिच्यापर्यंत पोहोचले नाही. तेच मला स्वतःला तरी कुठे पोहोचले होते?

मागच्या वर्षी त्याच भागातील एका मुलीच्या आश्रमशाळेच्या प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याची कागदपत्रे मी जमा करणार होते. इतर धावपळीत तारीख निघून गेली. मुलीचे वर्ष वाया गेले. त्यानंतर कित्येक रात्री मी स्वतःला जे बोलले, ते वस्तीवरच्या कोणालाही, अगदी दारू पिऊन बायकोला मारणाऱ्यालासुद्धा, बोलले नसते. मला वाटे, हाच पश्चात्ताप. प्रत्यक्षात काय झाले? चार महिने मी त्या घराकडे फिरकलेच नाही. रस्ता बदलून जात असे.

पेत्र आणि यहूदा इस्कर्योत यांच्याविषयी मी तेव्हा नव्याने विचार केला. दोघांनीही एकाच रात्री प्रभूचा घात केला, दोघांनाही मनापासून वाईट वाटले. मत्तय सांगतो की यहूदाने चांदीची तीस नाणी परत नेऊन टाकली, पाप कबूलही केले. पण स्वतःचा निवाडा त्याने स्वतःच केला आणि शिक्षाही स्वतःच दिली. पेत्र रडला, पण इतर शिष्यांबरोबर राहिला. म्हणून योहानाच्या एकविसाव्या अध्यायात तो किनाऱ्यावर सापडतो. तिथे निखारे आहेत, मासळी आहे, भाकर आहे. प्रभू त्याला आधी जेवू घालतो आणि मग प्रश्न विचारतो. प्रश्न सोपे नाहीत, पेत्राला दुःख होते. पण जेवण पहिले.

एलीयाचेही तसेच (1 राजे 19). रतामाच्या झुडपाखाली बसून तो मरण मागतो, आपण पूर्वजांपेक्षा बरे नाही म्हणतो. देव त्याला रागवत नाही. दूत त्याला निखाऱ्यांवरची भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, उठवून पुन्हा खाऊ घालतो. होरेबाची वाट त्यानंतरची.

आपल्या मंडळ्यांत ‘स्वतःवर दया’ म्हटले की लाड, आळस, पापाला सूट असा अर्थ घेतला जातो. ही भीती अगदीच निराधार नाही. पण शेजाऱ्यावर ‘स्वतःसारखी’ प्रीती करावी ही आज्ञा सांगताना तो शब्द आपण भरभर वाचतो. मानसशास्त्रात क्रिस्टिन नेफ यांनी 2003 मध्ये हा विषय मांडला. त्यांच्या मते यात तीन गोष्टी येतात : स्वतःशी मायेने वागणे, चुकणे सर्व माणसांच्या वाट्याला येते हे ओळखणे, आणि दुःख न दडपता, न फुगवता पाहणे. दुसरी गोष्ट तर स्तोत्र 103 मध्येच आहे : आपण माती आहोत याची देवाला आठवण आहे. विसरतो ते आपण.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला. शारदा सदन चालवीत असताना, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, त्यांना उमगले की धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही. 1907 च्या आपल्या साक्षीत त्यांनी हे उघड लिहिले. एवढे काम करणाऱ्या बाईलासुद्धा कृपा कमवायची नसते, घ्यायची असते, हे शिकायला वेळ लागला. याने मला धीर आला.

शेवटी एके दिवशी मी प्रार्थनेत सबबी न देता आणि शिव्याही न देता झाले ते सांगितले. मग त्या मुलीच्या घरी गेले. आईवडिलांसमोर आणि मुलीसमोर चूक कबूल केली. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मुलगी म्हणाली, “ताई, तुम्ही यायच्याच बंद झाल्या, त्याचं जास्त वाईट वाटलं.” यंदाचे कागद आम्ही दोघींनी मिळून भरले.

त्या आईला मी आता वचने सांगण्याची घाई करत नाही. गेल्या खेपेला तिच्या चुलीजवळ बसून मी विचारले, “तुझ्या बहिणीचं लेकरू असं गेलं असतं, तर तिला काय म्हणाली असतीस?” ती बराच वेळ भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, “तिला जवळ घेतलं असतं.” आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली.

दिवाळीनंतर टोळी पुन्हा निघेल. या वेळी तिची थोरली मुलगी आजीजवळ वस्तीवरच राहणार आहे. दोघींसाठी प्रार्थना करा.