दीड तासाचं विमान, बारा तासांची वाट

आमच्या अमडापुरात बल्लाळदेवीच्या टेकडीवर उभं राहिलं, की कधीकधी आभाळात विमानाची पांढरी रेघ उमटताना दिसते. नकाशावर पट्टी ठेवून मुंबई आणि नागपूर जोडा. ती रेघ आपल्या गावाच्या दक्षिणेला जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरवरून जाते.

या रेघेची लांबी सुमारे ६८० किलोमीटर. रेल्वेनं हेच अंतर ८३७ किलोमीटर भरतं, कारण रुळांना घाट, नद्या, गावं बघून वळावं लागतं. जेट विमान उंचावर गेलं की ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास वेगानं उडतं. भागाकार केला तर ५१ मिनिटं येतात. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास लिहिलेलं असतं. मग बाकीची मिनिटं जातात कुठं?

वेळापत्रकातला वेळ मोजतात तो विमान जागेवरून हललं तेव्हापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंत. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. साहजिकच रांग लागते. चढताना वेग कमी असतो आणि नागपूर दीड-पावणेदोनशे किलोमीटर लांब असतानाच उतरण सुरू होते. पूर्ण वेग मिळतो तो फक्त मधल्या पट्ट्यात. शिवाय वारा आहेच. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून येतात. नागपूरला जाताना ते पाठीमागून ढकलतात, मुंबईला परतताना तोंडावर येतात.

हे सगळं मला फार उशिरा कळलं. समृद्धी महामार्ग नव्हता तेव्हाची गोष्ट. आमचे काका पहाटे गेले. चुलतभाऊ मुंबईत. त्यानं फोनवर सांगितलं, "नागपूरच्या विमानानं निघतोय, दीड तास लागतो." घरात निरोप फिरला की पोरगा विमानानं येतोय, दुपारच्या आत पोहोचेल. माणसं अंगणात बसून राहिली. तिकडे तो पाच वाजता घरातून निघाला, विमानात बसून आपल्याच जिल्ह्यावरून पुढे गेला आणि नागपूरला उतरून अमरावती, अकोला, खामगाव करत तेवढाच मागे आला. दारात पाय ठेवला तेव्हा पावणेपाच वाजले होते. अंत्यविधी दिवस मावळता मावळता झाला. मुंबईहून सरळ गाडीनं निघाला असता तरी जवळपास तेवढाच वेळ लागला असता. पण मग निदान दुपारी बारापासून कुणी दाराकडे डोळे लावून बसलं नसतं.

आज हिशेब बदललाय. छत्रपती संभाजीनगरचा विमानतळ इथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर. मुंबईहून तिथवर उड्डाण तासाभराचं. पण मुंबईत घरून विमानतळ गाठायला एक तास, तिथं आधी पोहोचायचा दीड तास, उतरल्यावर सामानाचा अर्धा तास आणि पुढे रस्त्याचे तीन तास धरले, तर एकूण सात होतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण खुला झाला. त्यावरून सिंदखेडराजाजवळ उतरून चिखलीमार्गे गाडीनं आलं, तरी सात-आठ तासच लागतात. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची सेवा सुरू झाली, पण अमरावतीही आपल्यापासून सरळ रेषेतच १४० किलोमीटर आहे.

चुलतभाऊ आता गावी यायचा असला की फोनवर विमानाची वेळ सांगतच नाही. "चिखली सोडली की कळवतो," एवढंच म्हणतो.