चार भाषांचं शहर, एका जिल्ह्याचं विद्यापीठ

आज एक साधा प्रश्न घेऊन आलो आहोत. विद्यापीठ एखाद्या शहराचं असतं, म्हणजे नेमकं काय? ते शहरात असणं एवढंच पुरेसं आहे का?

आधी थोडा इतिहास बघू. दयानंद कॉलेज १९४० साली सुरू झालं, तेव्हा ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आलं, १९६२ मध्ये कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. आणि १ ऑगस्ट २००४ ला सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं. कॉलेज जागचं हललं नाही, विद्यापीठं मात्र चार झाली. कोल्हापूर इथून सव्वादोनशे किलोमीटरहून लांब. एखाद्या कागदासाठी तिकडे जायचं म्हणजे गेला दिवस. त्यामुळे फक्त एका जिल्ह्यासाठी विद्यापीठ होणं ही मोठीच सोय झाली. पण सोय झाली म्हणजे नातं जुळलं, असं होत नाही.

आता शहराकडे बघा. आपलं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. बाराव्या शतकातल्या या शिवयोग्याची वचनं कन्नडमध्ये आहेत. संक्रांतीला त्यांच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, तेव्हा गर्दीत मराठी-कन्नड दोन्ही कानावर पडतात, कुणालाच त्याचं नवल वाटत नाही. पूर्व भागात गेलात तर घराघरात तेलुगू. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथलं कापड घडवलं आणि त्यांच्या बायका-मुलींनी विड्या वळून संसार ओढले. बाजारात, मोहल्ल्यात उर्दू-दखनी आहेच. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे आठवा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ही चार नावं नुसती एका दमात म्हणा, शहराचा नकाशा उभा राहतो.

हा नकाशा वादाचाही झाला. सीमाप्रश्नात सोलापूर, अक्कलकोटकडे बोट दाखवलं गेलं. विद्यापीठाला नाव कुणाचं द्यायचं, यावर एका बाजूनं अहिल्यादेवींचा, दुसऱ्या बाजूनं सिद्धेश्वरांचा आग्रह होता. २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर हे नाव लागलं. नावावर एवढं बोललो आपण, पण आतल्या भाषेवर किती बोललो? आमचं म्हणणं तिथून सुरू होतं.

समजा, विडी घरकुलातली एक मुलगी आहे. घरात तेलुगू, शाळेत मराठी, गल्लीत हिंदी-दखनी. केगावला विज्ञान शाखेत आली की पुस्तक इंग्रजीत. वर्गात प्रश्न मनात येतो, पण कुठल्या भाषेत विचारायचा हे ठरेपर्यंत तास संपतो. आपण म्हणतो, ‘पोरगी हुशार आहे, पण बोलत नाही.’ अहो, ती चार भाषांत बोलते! आपण एकच मोजतो.

बाहेर असं सगळीकडे घडतं. इंडोनेशियातलं मकासर घ्या, दक्षिण सुलावेसीची राजधानी. तिथल्या घरात बुगिस किंवा मकासर भाषा, विद्यापीठात मात्र राष्ट्रभाषा इंडोनेशियन. १९५६ च्या तिथल्या विद्यापीठाला हसनुद्दीन या स्थानिक सुलतानाचं नाव आहे. म्हणजे स्थानिक माणसाचं नाव दारावर लावता येतं, पण तेवढ्यानं घरातली भाषा वर्गात येत नाही. ती वेगळी आणावी लागते.

मग करायचं काय? याचा अर्थ मराठी बाजूला ठेवा, असा मुळीच नाही. मराठी हा इथला सगळ्यांना जोडणारा पूल आहे, तो भक्कमच हवा. पण पूल दोन काठांवर उभा असतो. पहिल्या वर्षी अवघड संज्ञांची मराठी-कन्नड-तेलुगू-उर्दू यादी मुलांच्या हातात द्या. ती मुलांकडूनच करून घ्या, म्हणजे त्यांचं शिकणंही होईल. गिरण्या आणि विडी कारखान्यांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी त्यांच्याच भाषेत नोंदवून घ्या. हे काम पुण्या-मुंबईचं कुणी येऊन करणार नाही, आणि ती माणसं आपल्यासाठी थांबणारही नाहीत.

नागरी जीवनाशी याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. पाणी किती दिवसांनी येणार, कर कधी भरायचा, दवाखान्यात कुठल्या खिडकीवर जायचं, हे ज्याला नीट कळतं तोच प्रश्न विचारू शकतो. महापालिका कित्येक वर्षं वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा चालवते, म्हणजे हे शहराला ठाऊक होतंच. विद्यापीठानं तेच वरच्या पायरीवर न्यायचं आहे.

शहरानं विद्यापीठ मागितलं आणि मिळवलं. आता विद्यापीठानं शहराचं ऐकायला शिकावं, चारही भाषांत. आणि ऐकवायचं काम आपलं.